बोट उचला

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. पाळकाच्या अंगी सौम्यता असावी, असं मीच आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आलो आणि घरी येऊन आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवत आलो. तेव्हा हा अनुभव वाचताना कुणी शांत चेहऱ्याचा सत्पुरुष डोळ्यांपुढे आणू नये. मी मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळीचा निवृत्त पाळक आहे, वय एकाहत्तर, नगरच्या नागापूर भागात कारखान्यांच्या भोंग्यांवर घड्याळ लावून राहतो, आणि गेल्या वर्षी सहा महिने मी देवाशी बोलत नव्हतो. म्हणजे प्रार्थना करत नव्हतो. भांडण मात्र रोज चालू होतं.

झालं असं की एके दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसलो आणि मला एकही अक्षर कळेना. पान दिसत होतं, शाई दिसत होती, ओळी दिसत होत्या. पण त्या ओळींतून शब्द निघेना. चष्मा पुसला, खिडकी उघडली, बायकोवर ओरडलो की माझा दुसरा चष्मा कुठे ठेवलास. तिने शांतपणे सांगितलं, "अहो, तो तुमच्या नाकावरच आहे." दुपारी दवाखान्यात कळलं की मेंदूत मागच्या बाजूला रक्ताची गुठळी झाली होती. हातपाय शाबूत, वाचा शाबूत, डोळेही ठीक. फक्त अक्षर ओळखण्याची जागा तेवढी गेली. डॉक्टरांनी कागद दिला आणि नाव लिहायला सांगितलं. मी झरझर सही केली, पूर्ण नाव लिहिलं. मग ते म्हणाले, आता वाचा. मी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नावाकडे बघत बसलो. ते कुणाचंही असू शकलं असतं. "हळूहळू सुधारणा होईल किंवा होणारही नाही," असं ते म्हणाले. त्यांचा बिचाऱ्यांचा दोष नव्हता, पण त्या दिवशी मी त्यांच्यावरही आवाज चढवला.

हा राग नुसत्या आजाराचा नव्हता. माझ्या जागी शेतकरी असता, गवंडी असता, तर त्याने चार दिवस हळहळ केली असती आणि तो कामाला लागला असता. माझं सगळं आयुष्यच मोठ्या माणसांना वाचायला शिकवण्यात गेलं. आमच्या मंडळीत पाळकाची दर काही वर्षांनी बदली होते, पेट्या बांधायच्या आणि दुसऱ्या गावी जायचं. खर्ड्याला होतो, पुणतांब्याला होतो, आणखी पाच-सहा गावं झाली. जिथे गेलो तिथे महिनाभरात प्रौढांचा वर्ग उघडला. ज्याला यायचं त्याने यावं, जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. मंडळीचा कारभार बघणारी पंच मंडळी नाराज व्हायची. आधी आपल्या लोकांचे आत्मे सांभाळा, मग गावाची अक्षरं, असं मला एकाने भर सभेत ऐकवलं. मी म्हणालो, ज्या माणसाला एसटीचा बोर्ड वाचता येत नाही त्याला तुम्ही स्वर्गाचा रस्ता काय सांगणार? त्यानंतर ते गृहस्थ वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

या वेडाचं मूळ माझ्या वडिलांत होतं. ते आमच्या ख्रिस्ती देवळाची झाडलोट करायचे, घंटा वाजवायचे. निरक्षर होते. पण रविवारी उपासनेत सगळ्यांच्या हातात गीतांचं पुस्तक असे, म्हणून तेही एक घेऊन उभे राहत आणि ओळींवरून बोट फिरवत. एका रविवारी पुढच्या बाकावरच्या मुलींनी वळून पाहिलं आणि त्या खुदखुदू लागल्या. वडिलांनी पुस्तक उलटं धरलं होतं. मी सात-आठ वर्षांचा असेन. ते बोट मात्र उलट्या ओळींवरून भक्तिभावाने चाललं होतं. त्या क्षणी मला त्यांची लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याची लाज वाटली. ती दुसरी लाज अजून गेलेली नाही.

म्हणूनच माझ्या वर्गात एक नियम होता. अंगठा तर सोडायचाच, पण बोटही उचलायचं. ओळीवर बोट ठेवून वाचणं मला खपत नसे. डोळ्यांनी वाचा, बोट म्हणजे अंगठ्याचा धाकटा भाऊ, असं मी सांगायचो आणि लोक हसायचे. माझ्या हातात लाकडी फूटपट्टी असे. "बोट उचला!" असं मी ओरडलो की चाळिशीतली, पन्नाशीतली माणसं पोरांसारखी दचकून हात मागे घेत. शिकवण्याची ही माझी पद्धत, आणि तिचा मला अभिमान होता.

आणि आता देवाने माझंच वाचणं काढून घेतलं होतं. सकाळी बायको शास्त्र वाचून दाखवायची. ती सावकाश वाचते, आणि तिने एखादं नाव अडखळत वाचलं की माझं डोकं फिरायचं. एकदा मी तिच्या हातून पुस्तक हिसकावून घेतलं. त्या दिवशी ती रडली, आणि मी पुस्तक पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. रविवारी उपासनेला जाणं बंद केलं. तब्येत बरी नाही असं सगळ्यांना सांगितलं. मला वाचता येत नाही, हे वाक्य बायको आणि डॉक्टर सोडून मी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. ज्यांना मी निरक्षर म्हणून हिणवलं, त्यांच्या रांगेत जाऊन बसायची माझी तयारी नव्हती.

फेब्रुवारीत एका दुपारी मनाशी ठरवलं. आमचे शेजारीपाजारी जुनं पूज्य काही घरात ठेवायचं नसेल तर नदीच्या पाण्याला देतात. मीही माझं शास्त्र गोदावरीला देणार होतो. पुणतांब्याला मी सहा वर्षं काढली होती, घाट पायाखालचा होता. दुसऱ्या दिवशी बायको बाजाराला गेल्यावर पेटी उघडली, पुस्तक कापडी पिशवीत घातलं आणि निघालो. वाटेत देवाला स्पष्ट सांगितलं, तू माझं वाचणं नेलंस, आता तुझं पुस्तकही ने. हिशेब मिटला.

स्टँडवर बांधकाम चालू होतं, गाड्या कुठेही लागत होत्या. कुणालाही विचारलं असतं तर काम झालं असतं. पण "बाबा, ही गाडी कुठली?" हा प्रश्न विचारायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून तर मी वर्ग चालवले होते! मी विचारलं नाही. पुणतांब्याला नेणारी कोपरगावकडची गाडी पूर्वी ज्या खांबाजवळ लागायची तिथे एक गाडी उभी होती, तीत चढून बसलो. गाडी बाहेर पडल्यावर कंडक्टर बाई आली. मी पुणतांबा मागितलं.

"पुनतांबा? आवं आजोबा, ही जामखेड-खर्डा हाय. बोर्ड वाचला न्हाई व्हय?"

आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. बाईने बेलच्या दोरीला हात घातला होता, उतरणं सोपं होतं. मी म्हणालो, "वाचला होता. खर्ड्यालाच जायचंय. तोंडातून चुकून दुसरं नाव गेलं. एक खर्डा द्या." गर्वाने माणूस किती लांब जातो, ते मला त्या दिवशी कळलं. रस्ताभर पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो आणि मनातल्या मनात देवाला नाही नाही ते बोललो. शास्त्र बुडवायला निघालो, तर तेही तू सरळ होऊ देत नाहीस. जामखेड आलं असं कुणी म्हणत होतं, बाहेर तुरीची वाळलेली धाटं दिसत होती, आणि माझं भांडण चालूच होतं.

खर्ड्याला उतरलो तेव्हा ऊन कडक होतं. परतीची गाडी दीड तासाने. वीस-बावीस वर्षांनी त्या गावात पाय ठेवत होतो, पण किल्ल्याकडे बघायचंही सुचलं नाही. स्टँडच्या बाजूला एक पिठाची गिरणी होती, दारात सावली होती, बाकडं होतं. तिथे जाऊन बसलो. आत पट्टा फिरत होता, ज्वारी दळली जात होती, सगळ्यावर पिठाची साय बसली होती. भिंतीला लागून दळणाचे डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव लावलेलं. साठीच्या आसपासची एक बाई, केसांवर भुवयांवर पीठ, एक-एक डब्यापाशी वाकत होती आणि नावावरून बोट फिरवून तो डबा इकडून तिकडे ठेवत होती. मग तिने गिरणी थांबवली, घाम पुसला आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसून वर्तमानपत्र उघडलं. आणि ओळीवर बोट ठेवलं.

माझ्या तोंडून काय निघालं ते निघाल्यावर मला कळलं.

"बोट उचला!"

बाई दचकली. तिचा हात खरोखरच मागे गेला. मग तिने मान वळवून माझ्याकडे निरखून पाहिलं. वीस वर्षांत माझे केस गेले होते, पण आवाज तोच असावा.

"मास्तर?" ती म्हणाली. "तुमीच हायसा. ह्यो आवाज दुसऱ्याचा न्हाई."

खर्ड्यात मला सगळे मास्तरच म्हणत. मी मान हलवली. मला वाटलं ती आता पाया पडेल, चहा मागवेल, आपण तिला शिकवलं म्हणून आभार मानेल. जुने विद्यार्थी तसंच करतात. ती जागची हलली नाही.

"मला वळखलं का?"

"नाही."

"नाव तरी याद हाय?"

मी नाही म्हणालो.

"कसं आसंल! एकच दिस आल्ते तुमच्या वर्गात. तुमी समद्या बायांम्होरं माज्या बोटावर पट्टी हानली. बाया हासल्या. घरी गेले तर नवरा हासला. दुसऱ्या दिशी आले न्हाई, तर तुमी इचारायलाबी आला न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द जपून ठेवलेला होता. "मग हितं गिरनीत कामाला लागले. मालक सांगायचा, ह्यो डबा अमक्याचा, त्यो तमक्याचा. म्या नावावरनं बोट फिरवायची. फिरवून फिरवून नाव बोटात बसायचं. आसं शिकले मी. तुमी न्हाई शिकवलं. तुमी तर हाकलली."

मला राग आला. खरं म्हणजे लाज वाटायला हवी होती, पण माझ्याकडे लाजेच्या आधी राग येतो. मी म्हणालो, माझा नियम सगळ्यांना सारखा होता, डोळ्यांनी वाचायची सवय लागावी म्हणून होता. ती म्हणाली, "तुमचं खरं आसंल. पर माजं डोळं एकलं चालत न्हाईत. त्यास्नी बोट धरावं लागतं, लेकराचं धरतो तसं." आणि वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "तुमी वाचा बरं. हितं खालती पान्याच्या टँकरचं काय लिवलंय ते सांगा. बारीक हाय, मला दिसंना."

मी पानाकडे पाहिलं. आता खोटं बोलायला जागा नव्हती. चष्मा विसरलो म्हणावं तर तो नाकावर होता. सहा महिने घशात अडकलेलं वाक्य रागातच बाहेर पडलं. "मला वाचता येत नाही! मेंदूला मार बसलाय. एक अक्षर येत नाही. झालं समाधान?"

ती हसली नाही. हसली असती तर मी उठून गेलो असतो. तिने विचारलं, मग पिशवीत काय आहे, इतकी छातीशी धरलीय ती. मी सांगितलं. शास्त्र आहे, नदीत सोडायला निघालो होतो, गाडी चुकली.

आता मात्र तिचा बांध फुटला. "पुस्तक बुडवाया? आवं म्या एका एका अक्षरापाय वर्षं घातली, आन तुमी आख्खं पुस्तक बुडवाया निघाला? लाज न्हाई वाटत?" आयुष्यात माझ्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं. बायको रडत असे, पंच मंडळी मागून बोलत. समोर उभं राहून ओरडणारी ही पहिली.

तिने एका पत्र्याच्या डब्याचं झाकण घेतलं. त्यावर पीठ बसलं होतं, तिने आणखी मूठभर भुरभुरवलं, हाताने सारखं केलं आणि बोटाने काहीतरी लिहिलं. "माजं नाव याद न्हाई न्हवं? मग वाचा."

मी म्हणालो, मला दिसतंय पण कळत नाही.

"डोळं मिटा. बोट ठेवा."

मी हात मागे घेतला. नकळत घेतला, तिने मघाशी घेतला होता तसाच. तिने माझं मनगट धरलं आणि बोट पिठात टेकवलं. पीठ अजून कोमट होतं. मी बोट पुढे ढकललं. ते एका वळणावरून खाली उतरलं, थांबलं, शेजारच्या दांडीवरून घसरलं. डोक्यात काही झालं नाही. पण ओठ हलले. ओठांनी "ग" म्हटलं. मी घाबरून डोळे उघडले, ती म्हणाली, "म्होरं चला." बोट पुढच्या खाचेत गेलं, तिथून काना ओढत खाली आलं, आणि मी मोठ्याने म्हणालो, "गया."

"गयाबाई," ती म्हणाली. "आता ध्यानात ठिवा."

मी त्या झाकणावर हात ठेवून रडलो. गिऱ्हाईक दारात येऊन उभं होतं, ते बघत होतं, तरी रडलो. गयाबाईंनी त्या माणसाचा डबा घेतला आणि गिरणी सुरू केली. तो गडगडाट सुरू झाल्यावर मी म्हणालो, "चुकलो, गयाबाई." आवाजात ऐकू जाणार नाही, हे माहीत होतं म्हणूनच तेव्हा म्हणालो. त्यांनी कानाला हात लावून विचारलं, "काय?" मी म्हणालो, काही नाही, गाडीची वेळ झाली. बघा, त्या क्षणीही माझा ताठा पुरता मेला नव्हता.

स्टँडवर मात्र पहिल्या दिसलेल्या माणसाला विचारलं, "बाबा, ही गाडी कुठली?" त्याने सांगितलं, नगरची. जगबुडी झाली नाही.

गाडीत पिशवीतून शास्त्र काढलं. पेटीत टाकलं तेव्हा फीत जिथे राहिली होती ते पान उघडलं आणि बोट ठेवलं. छापील अक्षरं बारीक, त्यात रस्त्याचे धक्के. बोट सारखं ओळीवरून उडत होतं. जामखेड मागे पडेपर्यंत दोन शब्द लागले. नगर येईपर्यंत दीड ओळ झाली, पण तेवढ्यावरून प्रसंग ओळखला. एका बाईला चारचौघांत उभं करून तिची अब्रू काढणारे लोक, आणि त्यांच्याकडे न बघता खाली वाकून जमिनीवर लिहिणारा प्रभू. या प्रसंगावर मी कितीतरी उपदेश केले होते. त्याने काय लिहिलं असेल यावर तर तासतासभर बोललो होतो. तो बोटाने लिहीत होता, हे वाक्यात असूनही माझ्या कधी मनात भरलं नव्हतं. आणि बाईला चारचौघांत उभं करणाऱ्यांत मी होतो, फूटपट्टी घेऊन.

घरी बायको दारात उभी होती, चेहरा पांढरा पडलेला. मी तिला सगळं सांगितलं, नदीचंही सांगितलं. ती रागावून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते माझ्या हक्काचं होतं.

मी याला चमत्कार म्हणत नाही. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असं होतं, डोळ्यांची वाट बंद झाली तरी हाताला अक्षराची आठवण असते. असेल. त्यांनी कारण सांगितलं, मी ऐकून घेतलं. पण मला पुणतांब्याऐवजी खर्ड्याच्या गाडीत कुणी बसवलं, आणि त्या एका दारातल्या सावलीत कुणी नेलं, हे मी त्यांना विचारलं नाही. ज्याला विचारायचं त्याला विचारलं. त्याच्याशी माझं बोलणं पुन्हा सुरू झालंय, आणि हल्ली मी मध्ये थांबून ऐकतोही.

दोन महिन्यांनी मी उपासनेत शास्त्रवाचन मागून घेतलं. चार ओळी. वाचण्याआधी मंडळीला सांगितलं की मला वाचता येत नव्हतं, आता बोटाने येतं, आणि हे ज्या बाईंनी शिकवलं त्यांना मी एकदा बोटासाठीच मारलं होतं. मग पानावर बोट ठेवलं. फार वेळ लागला. मागून कुणीतरी खोकलं, पुढच्या बाकावर एक मुलगी हसली असावी. मला माझे वडील आठवले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची लाज वाटली नाही. मी त्यांच्याच शेजारी उभा राहून वाचत होतो, असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी गयाबाईंना पत्र लिहिलं. गिरणीच्या आवाजात जे म्हणालो होतो ते स्वच्छ अक्षरात लिहिलं. मी चुकलो, मला क्षमा करा. लिहिलेलं बोट फिरवून वाचून पाहिलं आणि मगच पाकीट बंद केलं. उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती. खरं सांगायचं तर न यावं असंही थोडं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं, वाकडं, ओळ वर चढत गेलेली; एका कोपऱ्यात पिठाचा पांढरा डाग. बायको म्हणाली, द्या, मी वाचते. मी म्हणालो, नको, माझं मी वाचतो. अंगणात खुर्ची घेऊन बसलो. सहा शब्दांना कितीतरी वेळ लागला, पण सगळे वाचले.

"मास्तर, क्षमा केली. बोट उचलू नका."

खाली नाव होतं. ते मला आता न वाचताही येतं, तरी मी त्यावरून बोट फिरवलं.